पिल्लू अजून महिनाभर माझ्याकडंच

शहापूर, बेळगाव
१२ ऑक्टोबर

प्रिय बाळू,

तुझे दोन फोन येऊन गेले, मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून पत्र. रविवारी मांजराचं पिल्लू घेऊन खानापूरला येणार होतो, ते आता रद्द. महिनाभर थांब.

आमची कबरी मांजर गेली रे. गणपतीपासूनच तिचं खाणं तुटलं होतं, पण मागाखालच्या सुताशी खेळायची, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, त्यात दहा दिवस गेले. मग आईनंच एकदा तिचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या धुतलेल्या पंच्यासारख्या पांढऱ्या! दुसऱ्या डॉक्टरांनी त्या बघितल्या आणि थेट पुढच्या पायातून रक्त घेतलं. मी तिला पंच्यात गुंडाळून धरलेली, कंपाउंडर कन्नडमध्ये तिची समजूत घालत होता. तपासणीच्या पट्टीवर दोन-तीन थेंब टाकले. दहा मिनिटांत ‘सी’समोर रेघ आली, आणि ‘टी’समोरही. म्हणजे पॉझिटिव्ह.

फिलाइन ल्युकेमिया. मला वाटलं, रक्ताचा कॅन्सर. तसं नाही. हा विषाणू, १९६४ साली ग्लासगोत सापडलेला. कॅन्सर काही मांजरांनाच होतो. कबरीच्या अस्थिमज्जेत तो बसला आणि रक्त तयार होणंच आटलं. तो लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, चावणं, एका ताटलीत खाणं; आईकडून पिल्लाला तर जातोच. आणि आमच्याकडं काय, चार मांजरांना एक परात! माणसाला किंवा तुझ्या वाघ्या कुत्र्याला मात्र तो लागत नाही. अंगाबाहेर काही तासांत मरतो, साबणानंही जातो, तेव्हा पोतं-चादरीची धास्ती घेऊ नको.

पिल्लाची पट्टी निगेटिव्ह आलीय. मग का अडलंय, म्हणशील. ही पट्टी रक्तात विषाणूचं प्रथिन शोधते. नुकती लागण झाली असेल तर ते दिसायला महिनाभर लागू शकतो, म्हणून तेव्हा पुन्हा रक्त. पिल्लू लहान आहे म्हणून पट्टी चुकेल, असं नाही; आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांनी ती फसत नाही.

गंमत बोक्याची. त्याची पॉझिटिव्ह आलीय आणि गडी दोन वेळा खाऊन कौलांवर भांडतोय! डॉक्टर म्हणाले, एका पट्टीवर निकाल लावायचा नाही. मोठी मांजरं कधी कधी विषाणूला दाबून टाकतात, पण तो अंगातून पुरता जातोच असं नाही. त्याचं रक्त पीसीआरला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला, पाठवलंय. शेजारचे लगेच ‘झोपवून टाका’ म्हणाले. मी चहासुद्धा विचारला नाही त्यांना.

तुझ्या दोघी मांजरींचंही रक्त या महिन्यात तपासून घे. त्या बाहेर हिंडतात, आणि पिल्लांनाच हा रोग सगळ्यात लवकर धरतो. कुणाकडून कुणाला, हा घोळ नंतर नको.

पिल्लू माडीवर एकटंच आहे, ताटली वेगळी. रात्री बोका दाराखालून पंजा आत घालतो आणि हे त्याला चाटायला धावतं. आज फटीला पाट लावलाय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या