सगळे ‘हो सर’ म्हणतात तेव्हा

लेकरा,

काल फोनवर तू रडायलीस आणि बाबा बाजूलाच होते म्हणून मी जास्त बोलले नाही, आता निवांत लिहिते. तू म्हणलीस की लातूरला क्लासमध्ये सर फिजिक्समधलं रोटेशनल मोशन, म्हणजे गोल फिरणाऱ्या वस्तूंचं गणित, शिकवतात, शेवटी ‘समजलं का’ विचारतात, अख्खी बॅच ‘हो सर’ म्हणून ओरडते आणि मला एकटीलाच काही कळंना, मी ढ आहे, मला परभणीला यायचंय. ढ-बिढ काही नाहीस तू. मी रोज मानसशास्त्र शिकवते, त्यामुळं हे ऐकल्याबरोबर मला बिब लॅटने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1968 चा प्रयोग आठवला.

त्यांनी काय केलं, पोरांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून आत धूर सोडला. एकटा पोरगा असला की 100 तले 75 जण उठून बाहेर सांगायला गेले, पण सोबत दोघं आधीच शिकवून ठेवलेले, जे धूर बघूनही मान खाली घालून लिहीतच राहायचे, असे बसवले तर 10 पैकी एकच उठला, बाकीचे डोळे चोळत, खोकत तिथंच फॉर्म भरत बसले! कारण शेजारचा शांत आहे म्हणजे काही विशेष नसंल असं वाटतं. तुमच्या बॅचमध्ये पण हेच चालू आहे बघ, तू बाकीच्यांचे चेहरे बघायलीस आणि त्या पोरी तुझा चेहरा बघायल्यात, आणि ‘हो सर’ तर तू पण म्हणतीसच की.

दुसऱ्याकडं बघून ठरवणं वाईटच असतं असं नाही हं. आबा पेरणीच्या टायमाला कृषी केंद्रात गेले की पहिलं विचारतात, बाकीचे कोणतं बियाणं न्यायलेत? सोयाबीनचं यंदा काय होईल हे कोणालाच नक्की माहीत नसतं, मग चार जणांचा अंदाज घेतलेला बरा. पण स्वतःला स्पष्ट दिसत असताना गप बसणं हे वेगळं. सोलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1951 मध्ये नुसत्या रेघा दाखवल्या, तीनपैकी कोणती रेघ या रेघेएवढी आहे ते सांगायचं, पहिलीतलं पोरगं सांगंल इतकं सोपं, एकट्याला विचारलं तर जवळजवळ कोणीच चुकत नव्हतं. पण आधीचे सगळे ठरवून चुकीचं बोलले की चारातले तिघं एकदा तरी त्यांच्या हो ला हो करून बसले. नंतर कित्येकांनी सांगितलं की उत्तर माहीत होतं पण वेगळं पडायला नको वाटलं.

आता मेन गोष्ट, जी मला काल सांगायची होती. ॲशनं त्या घोळक्यात बरोबर बोलणारा फक्त एक माणूस घातला, बाकी सगळे तसेच चुकीचे, तरी जिथं तिसऱ्या हिश्श्याएवढी उत्तरं चुकायची तिथं ती 5 टक्क्यांच्या आसपास आली. एकच माणूस, बाई! आणि उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहून द्यायचं ठेवलं तरी लोक लई कमी वाहवत गेले. म्हणून तर मी वर्गात ‘समजलं का’ असं विचारतच नाही, नाव न टाकता चिठ्ठीवर लिहून घेते, आणि जी पोरं तोंडानं हो हो म्हणतात त्यांच्याकडूनच ढीगभर शंका येतात. शेकडो लेकरांना एकदम ‘समजलं का’ विचारणं ही पद्धतच मला पटत नाही, त्यात तुझा काय दोष.

तर असं कर, तुझ्या बेंचवर ती उदगीरची पोरगी बसते ना, तिला मेसवर जेवताना सरळ विचार, टॉर्कचं, म्हणजे त्या फिरवणाऱ्या बलाचं, तुला कळलं का गं? वर्गात नको, तिथं ती पण हो च म्हणंल. तिला पण कळलं नसंल तर दोघी मिळून शंका विचारायच्या डाउट काउंटरला जा, आणि कळलं असंल तर तिच्याकडूनच समजून घे. परत यायचं काय ते त्याच्यानंतर बोलू. माझे तास साडेतीनला संपतात, तेव्हा फोन कर.

तुझी आई