आप्पांच्या फोटोसाठी कोणती लेन्स?

सोलापूर,
जानेवारीअखेर, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठ-दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये आमची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा होती आणि तुझा प्रश्नही एका ओळीत उरकण्यासारखा नव्हता. आप्पा यंदा सत्तरीचे झाले, त्यांचा एक चांगला फोटो घरात असावा, त्यासाठी लेन्स घ्यायची आहे, पण प्राइम (एकाच आवाक्याची) घेऊ की झूम (रिंग फिरवून आवाका बदलणारी), असं तू विचारलंस. ज्या कारणासाठी विचारलंस ते वाचून मला फार बरं वाटलं.

आधीच सांगतो, 50 एमएम 1.8 ही प्राइम घे. 50 एमएम हा तिचा आवाका, आणि 1.8 हा तिच्या उघडण्याचा एफ आकडा; तो जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. का, ते सविस्तर सांगतो. तुझे पैसे कष्टाचे आहेत, नुसतं माझ्या शब्दावर खर्च करू नकोस.

दिवाळीनंतर पूर्व भागात आमच्या ओळखीच्या एका मामांचा फोटो काढायला गेलो होतो. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि हयात सगळी यंत्रमागावर गेलेली. कारखान्यात उजेड म्हणजे दोन ट्यूबा आणि वरचा एक झरोका. मागांची खडखड एवढी, की बोलायचं तर कानाशी जावं लागतं. मामांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाचं बारीक तूस बसलेलं. मला तेच हवं होतं. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 लावली, 55 वर नेली. तिथे ती एफ 5.6 पेक्षा जास्त उघडतच नाही. 1/125 सेकंदाचं शटर धरायचं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 6400 करावा लागला, आणि तो वाढला की फोटोत दाणे येतात. फोटो आला, पण तूस कुठलं आणि फोटोतले दाणे कुठले, कळेना. मग 50 लावली, एफ 2.2 वर ठेवली. तेच शटर, तोच उजेड, आणि आयएसओ 1000 वर आला. भुवईतला एकेक धागा मोजावा असा दिसत होता.

कॅमेऱ्यासोबतची किट लेन्स हात हलला तरी फोटो वाचवते, मग अंधाराचं काय भ्यायचं, असं तू म्हणशील. खरंय, किट लेन्समध्ये थरथर सावरणारं व्हीआर असतं, 50 मध्ये नसतं. पण व्हीआर तुझा हात सावरतं, समोरच्या माणसाची मान नाही. माणूस श्वास घेतो, पापणी लववतो. त्याला शटरच लागतं, आणि शटरला उजेड लागतो. एफ 1.8 वर 5.6 च्या नऊ पटीहून जास्त उजेड आत येतो. एवढा फरक दुसरं काहीही भरून काढत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लेन्सने चेहरा बदलतो असं आपण म्हणतो, पण चेहरा बदलतो तो अंतराने. दीड फुटावरून काढलास तर नाक मोठं दिसेल, कान मागे पळतील, मग लेन्स कुठलीही असो. पाच-सहा फुटांवरून तोच चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा येतो. लेन्स फक्त त्यातला किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. झूम हातात असली की आपण जिथे उभे असतो तिथूनच रिंग फिरवतो, आणि अंतर ठरवायचं राहूनच जातं. 50 लावली की ते टाळता येत नाही. पुढे जावं लागतं, मागे सरकावं लागतं, आणि त्या हालचालीत समोरच्याशी दोन शब्द बोलणं होतं. मामांनी पहिली दहा मिनिटं ताठ मान ठेवली होती. मी तिसऱ्यांदा मागे सरकताना तिथल्या बीमला, म्हणजे सुताच्या मोठ्या गुंडाळीला, अडखळलो, ते ‘अरे अरे’ करत उठले, आणि त्यानंतर त्यांची मान सैल झाली.

पण त्या दिवशीचा सगळ्यात चांगला क्षण माझ्या हातून गेला, तो 50 मुळेच. उजेडाच्या हावेपोटी मी लेन्स पूर्ण, 1.8 वर उघडली. मीटरभर अंतरावरून लेन्स एवढी उघडली की जेमतेम तीन सेंटिमीटर खोली फोकसमध्ये नीट येते. मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस धरला, मग चौकट जुळवायला कॅमेरा सरकवला आणि नकळत थोडा पुढे झुकलो. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं, तर मामा हसतायत, कान धारदार आणि डोळे मऊ. ते हसू पुन्हा मिळालं नाही. म्हणून सांगतो, सुरुवातीला 2.8 वर ठेव, आणि फोकसचा पॉइंटच सरकवून आप्पांच्या जवळच्या डोळ्यावर ने.

85 एमएमच्या लेन्सचा विचार मनात असेल तर काढ. तुझ्या निकॉन डी 5600 चा सेन्सर छोटा, त्यावर लेन्सचा आवाका दीडपट झाल्यासारखा दिसतो. त्यावर 50 ही 75 सारखी वागते, म्हणजे पोर्ट्रेटला अगदी बेताची. 85 तिथे 127 च्या पुढे जाते. कमरेपर्यंतचा उभा फोटो काढायला 50 ला सहा-साडेसहा फूट लागतात, 85 ला जवळपास अकरा. तुमच्या पुढच्या खोलीत अकरा फूट मागे जाशील तर थेट अंगणातच पोचशील.

झूमला मी नावं ठेवत नाही हं. परवा यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राची 70-200 झूम नेली होती. सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलत होते, मी लांबून गर्दीत रुतलेला. तिथे 50 घेऊन काय केलं असतं? एका मानकऱ्याचा वर काठीकडे लागलेला चेहरा मिळाला, तो त्या झूममुळेच. पाय जिथे आपल्या हातात नसतात तिथे झूमच हवी. लग्नं घ्यायला लागलास तर मीच तुला घ्यायला सांगेन. पण दीड किलोच्या आसपासचं ते धूड आप्पांसमोर रोखलंस तर ते खुर्चीत आवळून बसतील. 50 दोनशे ग्रॅमचीही नाही, हातात आहे हे त्यांच्या लक्षातही येणार नाही.

घेण्याआधी एक कर. किट लेन्सची रिंग 50 वर आणून चिकटपट्टी लाव आणि दोन आठवडे तशीच वापर. जीव गुदमरतोय असं वाटलं तर मला कळव, आपण पुन्हा बोलू. आणि दुकानात 50 ची ‘जी’ वालीच माग, तिच्या आतच फोकसची मोटर असते. जुनी ‘डी’ स्वस्तात मिळते, पण तुझ्या बॉडीत फोकसची मोटर नाही, ती तुझ्याकडे हातानेच फोकस करावी लागेल.

आप्पांना सकाळी दाराच्या आत, उंबऱ्याशी बसव, तोंड अंगणाकडे. ऊन अंगावर नको, नुसता उजेड हवा. नवा सदरा घालायला लावू नकोस, रोजचा असू दे. काकूंना शेजारी बसून गप्पा मारू दे.

फोटो काढलास की मूळ फाइल पाठव, व्हॉट्सॲपवरचा दाबलेला फोटो नको. आधी डोळे बघायचेत मला.

काकूंना आणि आप्पांना नमस्कार. शेंगाचटणी पाठवतोय, आप्पांसाठी कमी तिखटाची वेगळी बांधली आहे.

तुझाच,
सोलापूरचा दोस्त