ओल्या रजईचं वजन

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर आई हसत हसत सांगत होती, की रजई पायाने तुडवताना पाय सरकला, पण नळ हाती लागला म्हणून वाचले. आई, तू हसलीस म्हणून मीही हसले. फोन ठेवला आणि मग घाम फुटला. नळ काय माणसाचा भार पेलायला बसवलेला असतो? त्यात मागून बाबांचा आवाज आला, "मी होतो ना तिथे." बाबा, तुम्ही तिथे होतात म्हणजे एकाच्या जागी दोघं पडला असतात, एवढंच. तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्या गोळीवर डोक्याला साधा मुका मार बसला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी हे तुम्हाला माझ्यासमोर सांगितलंय, तेव्हा विसरलो म्हणू नका.

फोनवर मी काही सांगायला लागले की आई "बरं बरं" म्हणून विषय बदलते. म्हणून पत्र.

आधी मी आज काय उद्योग केला ते सांगते. माझी कापसाची रजई वजनकाट्यावर घातली. कोरडी भरली 2.3 किलो. मग टबात अर्धा तास भिजवली, तशीच न पिळता उचलून बादलीत टाकली आणि बादलीचं वजन वजा केलं. 9 किलो! उचलताना माझ्या तोंडून "आई गं" निघालं, आणि मी तुझ्याहून तीस वर्षांनी लहान आहे. हातांनी दाबदाबून पाणी काढलं, दम लागला, तरी 5.5 किलो होतीच. शेवटी मशीनमध्ये नुसती स्पिन केली तेव्हा 3.7 वर आली. म्हणजे स्पिन न करता वाळवायला नेताना आपण रजई कमी आणि पाणीच जास्त वाहून नेत असतो. शिवाय नऊ किलोची पिशवी उचलणं वेगळं आणि नऊ किलोची ओली रजई उचलणं वेगळं. ती लोंबते, निसटते, एका अंगाला ओढते, आणि उचलायची असते वाकून, हात पुढे करून, साबणाच्या पाण्यात उभं राहून. कंबर धरण्याची याहून चांगली तयारी कोणी करू शकणार नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की धुवा, पण पाणी उचलू नका. बाकी सगळं त्यातूनच येतं.

मुळात रजई इतक्यांदा धुवायची गरजच नाही. अंथरुणाला लागतो तो घाम, अंगाचा तेलकटपणा, त्वचेचा कोंडा. हे सगळं खोळीवर अडलं तर आतला कापूस बराच काळ स्वच्छ राहतो. खोळी, चादरी, अभ्रे आठवड्याला धुवा, ते हलके असतात. रजई वर्षातून एकदा, फार तर दोनदा. खोळ घालायचा तुला कंटाळा येतो हे मला माहीत आहे, कारण तू डोकं आत घालून कोपरे शोधत बसतेस. असं कर. खोळ उलटी करायची, तिच्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घालून आतून दोन टोकं पकडायची, त्याच टोकांनी पलंगावरच्या रजईचे दोन कोपरे चिमटीत धरायचे आणि खोळ सुलटी करत खाली ओढत जायची. बाबांनी पायाकडची बाजू धरली तर दोन मिनिटांत होतं. तोंड अरुंद बाजूला न ठेवता लांब बाजूला ठेवून शिवली तर आणखी सोपं.

बाबांच्या सकाळच्या शिंकांचं मूळ बहुतेक अंथरुणातल्या धुळीच्या किड्यांमध्ये आहे. डोळ्यांना दिसत नाहीत, पण दमट उबेत ते मजेत वाढतात. गार पाण्याने धुतलं तर त्यांची घाण बरीचशी निघून जाते, किडे मात्र बहुतेक जिवंतच राहतात. ते मरायला 60 अंशांचं पाणी लागतं. सुती अभ्रे आणि चादरी मशीनमध्ये त्या तापमानाला घालता येतात, लेबलवर तेवढं पाहून घ्या. टबाच्या चित्रात जो आकडा असतो ती तापमानाची कमाल मर्यादा, त्याच्यावर जायचं नाही. पण आई, 60 अंश म्हटल्यावर तू पातेलं चुलीवर ठेवशील आणि उकळतं पाणी घेऊन ओल्या फरशीवरून चालत जाशील. ते अजिबात नको. मशीन करेल तेवढंच गरम.

मशीनच्या अंगावर जो किलोचा आकडा असतो तो कोरड्या सुती कपड्यांचा. रजई वजनात बसली तरी आकाराने बसेलच असं नाही. ड्रममध्ये घातल्यावर वर एक वीत जागा उरली पाहिजे आणि हात आत सहज फिरला पाहिजे. कोंबून भरली तर मधला भाग धुतलाच जात नाही, साबण आत राहतो आणि स्पिनच्या वेळी मशीन धडधडत जागेवरून सरकायला लागतं. तसं झालं तर मशीनला मिठी मारून धरायचं नाही (बाबा!). बंद करायचं, पूर्ण थांबू द्यायचं, रजई हलवून सारखी करायची आणि पुन्हा लावायचं. आणि ऑपरेशननंतर गादीवर घालायला आणलेलं ते वॉटरप्रूफ कव्हर स्पिनमध्ये कधीच टाकू नका. पाणी त्याच्यातून झिरपत नाही, घडीत पिशवीसारखं साठतं, आणि वेगात फिरताना एकदम एका बाजूला गेलं की मशीन उडाल्यासारखं आदळतं. ते पुसून घ्यायचं किंवा हाताने धुऊन तसंच टांगायचं.

लोकरीच्या ब्लँकेटबद्दल लांबड लावत नाही. कोमट पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण, चोळायचं नाही, आडवं पसरून वाळवायचं. डाग खाणाऱ्या पावडरींमधलं एन्झाइम लोकरही खातं, कारण लोकर म्हणजे प्रोटीनच. माझं करडं ब्लँकेट गरम पाण्यात फिरून बाहेर आलं तेव्हा बाळाच्या दुपट्याएवढं झालं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

ब्लीच वापरलंच तर त्या दिवशी बाथरूममध्ये दुसरं काही ओतायचं नाही. व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड त्यात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियावाल्या क्लीनरनेही विषारी वायू होतो, आणि बंद खोलीत श्वास कोंडायला वेळ लागत नाही. गादी तर धुवायचीच नाही. आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. डाग पडेल तेवढाच ओल्या फडक्याने टिपा आणि गादी उभी करून वारा लागू द्या. तीही कोणीतरी आल्यावर.

आता हाताने धुवायची वेळ आलीच तर. तुडवायचं नाही, हे पहिलं. टबात भिजत घालायची, शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि तळहातांनी दाबत राहायचं. पाणी सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. मग उचलायचं नाही आणि पिळायचंही नाही. भोक उघडं ठेवून रजई टबातच गोळा करून ठेवायची आणि निथळू द्यायची. तासाभराने पुन्हा एकदा दाबायची. मी हेही करून पाहिलं. दोन तासांत नुसत्या निथळण्याने इतकं पाणी गेलं, की पिळून मनगटं दुखवून घेण्यात काही अर्थ नव्हता हे कळलं. तेवढ्या वेळात फरशी कोरडी करून घ्या आणि रबरी पायपुसणं पुन्हा जागेवर टाका. तू ते "कपडे धुताना मध्ये येतं" म्हणून उचलून ठेवतेस, म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच नसतं.

टबाबाहेर काढायचं काम मात्र दादाचं किंवा माझं. आम्ही येईपर्यंत चार तास टबात पडली तर रजईचं काही बिघडत नाही. किंवा मोठं मशीन असलेल्या लाँड्रीत द्या. "माझी रजई परक्याच्या हातात?" असं तू म्हणणार. हो, परक्याच्या. ड्रायक्लीन करून आली तर मात्र प्लॅस्टिक लगेच काढायचं आणि वास जाईपर्यंत हवेशीर जागी ठेवायची, लगेच पांघरायची नाही.

वाळत घालायचा दोर तुमच्या डोक्याच्या वर आहे, ते मला कधीच पटलं नाही. मान वर, हात वर, त्यात बीपीची गोळी घेतलेली. चक्कर यायला आणखी काय लागतं? छातीच्या उंचीवर दोन दोर, हातभर अंतराने समांतर. रजई दोन्हींवरून टाकली की भार वाटला जातो आणि मधून वारा खेळतो. एकाच दोरावर टाकली तर ती दुपदरी होते आणि आतली बाजू दमट राहते. दर दोन-तीन तासांनी पालटायची, थोपटून आतला कापूस मोकळा करायचा. स्टुलावर चढायचं नाही. कठड्यावरही घालायची नाही, कारण ओली रजई घसरली की तिला धरायला आपणही बाहेर झुकतो. पाऊस असेल तर तो दिवस धुण्याचा नाहीच. हीटरवर तर काहीही टाकायचं नाही. वाळत घातलेलं त्याच्यापासून निदान एक मीटर लांब हवं.

ड्रायरविषयी दोनच गोष्टी. जाळीतला कापूस दर वेळी काढायचा, कारण तो भुरभुरा असतो आणि झटकन पेटतो. आणि बाबांच्या गुडघ्याला लावायचं तेल ज्या चादरीला लागतं ती ड्रायरमध्ये नको. धुतली तरी तेल पुरतं निघत नाही, उष्णतेने तापतं, आणि गरम कपडे ढिगात ठेवले तर आपोआप पेटू शकतात. रबर किंवा फोमची उशीही त्यात टाकायची नाही.

रजई वाळली की नाही हे हाताला कळत नाही. वरचं कापड दुपारीच कोरडं लागतं, आतला कापूस दुसऱ्या दिवशीही ओला असतो, आणि तशीच घडी घालून कपाटात गेली तर एक-दोन दिवसांतच बुरशी धरायला लागते. म्हणून वजनकाटा. बाबा, हे काम तुमचं. आई म्हणेल, परवाची रजई केव्हाच वाळली. तरी ती काखोटीला मारून काट्यावर उभे राहा, आकडा घ्या, आणि रजई ठेवून नुसतं तुमचं वजन वजा करा. भिंत हाताशी राहू द्या. मग एक दिवस उन्हात टाकून पुन्हा करा. आकडा उतरला असेल तर ती ओलीच होती. उतरायचा थांबला की तो आकडा सुती पट्टीवर लिहून आईला कोपऱ्याला टाचायला सांगा. पुढच्या वेळी वाद नको.

दादा रविवारी दोर बांधायला येतोय. आई, सूचना दे हवं तर, पण खुर्चीत बसून.

तुमची,
धाकटी