कौल कराला, खर्चाला नव्हे

महोदय,

महापालिकेच्या करवाढीचा विषय निघाला की ‘अमेरिकेत बघा, मतदान घेऊन कर लावतात’ हा दाखला ठरलेला. दाखला खरा आहे, पण अर्धाच.

कॅलिफोर्नियात १९७८च्या प्रपोझिशन १३ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीने, घरपट्टी करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकली. घर विकले जाईपर्यंत हे मूल्य वर्षाला फार तर २ टक्के वाढते, आणि त्या उत्पन्नात काउंटी (जिल्हा), शाळा असे वाटेकरी असतात. त्यामुळे पैसा कमी पडला की शहरे विक्रीकराकडे वळतात. त्यासाठी मतदान लागतेच. ग्यानबाची मेख पुढे आहे. शहराने मांडलेला कर पोलीस किंवा वाचनालयासाठी राखीव असेल तर दोन तृतीयांश मते लागतात. तोच कर सरसकट तिजोरीत जाणार असेल, म्हणजे ‘सर्वसाधारण कर’ असेल, तर साधे बहुमत पुरते. मग कोणते शहर कशाला हात बांधून घेईल?

कॅलिफोर्नियातल्याच स्टॉकटनचे पाहा. जून २०१२ मध्ये या शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. ५ नोव्हेंबर २०१३ला मतदारांपुढे दोन प्रस्ताव आले. ‘मेझर ए’ म्हणजे पाऊण टक्का जादा विक्रीकर, १०० डॉलरच्या करपात्र खरेदीवर ७५ सेंट. ‘मेझर बी’ म्हणजे त्यातले ६५ टक्के कायदा-सुव्यवस्थेवर आणि ३५ टक्के दिवाळखोरीतून बाहेर पडण्यावर व इतर सेवांवर खर्चावेत, असा नुसता सल्ला. बंधन काहीच नाही. ‘ए’ला ५२ टक्क्यांच्या आसपास मते पडली. राखीव कर म्हणून मांडला असता तर आपटला असता.

आणखी एक बाब हिशेबात राहून जाते. मंजुरीनंतर ११० दिवस उलटून जी तिमाही सुरू होईल, तिच्या पहिल्या दिवसापासून नवा दर लागतो. स्टॉकटनमध्ये तो १ एप्रिल २०१४ला ८.२५वरून ९ टक्के झाला. आर्थिक वर्ष जूनअखेर संपते, म्हणजे त्या वर्षात एकच तिमाही हाती लागली. शिवाय मंदीत विक्री घटली की हा कर लगेच आटतो. पगार आणि निवृत्तिवेतन मात्र थांबत नाहीत. १० वर्षांच्या मुदतीच्या करावर कायम नोकरभरती करणे म्हणजे अकराव्या वर्षीचा खड्डा आजच खणणे.

व्हॅलेहो या तिथल्याच दुसऱ्या दिवाळखोर शहराने २०११मध्ये १ टक्का कर मंजूर करून घेतला आणि पुढे त्यातले सुमारे ३० टक्के नागरिकांच्या मताने खर्चायला काढले. पुण्यात २००६पासून प्रभागातली कामे नागरिक सुचवतात, त्याच जातीचा हा प्रयोग. फरक एवढाच, की तिथे नागरिकांनी कामांवर प्रत्यक्ष मतदान केले. मला हा भाग करावरच्या मतदानापेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्याकडे २० फेब्रुवारीपर्यंत सर्वसाधारण सभेने करांचे दर ठरवायचे असतात. मतदान मागण्याआधी त्या ठरावात दोन रकाने मागावेत: वाढीतून किती रुपये येणार आणि ते कोणत्या लेखाशीर्षात जाणार. कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर दर, मुदत आणि वर्षाचे अंदाजित उत्पन्न छापणे सक्तीचे आहे. सर्वसाधारण करात दुसरा रकाना तिथेही कोराच असतो.

– एक वाचक, पुणे