बेरीज 88 आली म्हणून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दोघांचा दत्तकाचा विचार पक्का झाला, फार बरं वाटलं. पण "दोन वर्षांच्या आतलं बाळच हवं" हे वाचून अडखळलो. तू 45, वहिनी 43, म्हणजे बेरीज 88. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज 85 च्या पुढे चालत नाही. दोन ते चारसाठी 90, चार ते आठसाठी 100, त्यापुढे 110.

आता जरा वेगळं बोलतो. निरोगी तान्ह्या बाळासाठी तीन-साडेतीन वर्षांची रांग आहे. मोठी मुलं, भावंडं, विशेष गरजा असलेली मुलं मात्र संस्थेतच वाढतात, कारण त्यांच्यासाठी कोणी विचारायलाच येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: चार ते आठ हा गट घ्या.

'कारा'च्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नोंदणी केलीत की 30 दिवसांत कागदपत्रं चढवायची. इथे नेहमीचा घोळ म्हणजे पॅनवर एक नाव, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं. ते आधीच सुधारून घ्या. मग होम स्टडी, म्हणजे समाजसेवक घरी येऊन करतात ती पाहणी. तो अहवाल तीन वर्षं चालतो. मुलाची माहिती आली की ते राखून ठेवायला 48 तासच मिळतात, म्हणून वैद्यकीय अहवाल वाचून दाखवायला बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. पुढे प्रत्यक्ष भेट, संस्थेची समिती, आणि मूल आधी तात्पुरतं घरी. पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही लागते (लागायलाच हवी). दत्तकाचा आदेश 2022 पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. नंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी चौकशीला माणूस येतो.

खरी परीक्षा कागदांत नसते. मोठं मूल बहुधा पहिले काही आठवडे अगदी शहाण्यासारखं वागतं आणि मग बिनसतं. "तुम्ही माझे कोणी नाही" म्हणेल, वस्तू फेकेल. हे लोक मला परत पाठवतात का, एवढंच त्याला बघायचं असतं. उशीखाली पोळीचा तुकडा किंवा बिस्किटं सापडतील, ओरडायचं नाही. हाताशी येईल असा खाऊचा डबा ठेवायचा आणि तो रिकामा होऊ द्यायचा नाही. भूक नसतानाही लपवणं चालू राहतं, कारण पुन्हा मिळेल याची खात्री यायला वेळ लागतो. मुलं परत पाठवली जातात ती बहुधा याच टप्प्यावर. आईबापांची कृतज्ञतेची अपेक्षा असते, वर आल्या आल्या नातेवाइकांची रीघ आणि लगेच नवी शाळा. निदान सुरुवातीला दोघांपैकी एकाने रजा घ्याच.

दत्तकाचा निर्णय जड वाटत असेल तर प्रतिपालकत्व आहे, म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ आपल्या घरी सांभाळायचं. त्यासाठीही अर्ज आता 'कारा'च्याच पोर्टलवर करायचा, तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष बघतो. मूल सोपवण्याचा आदेश बाल कल्याण समिती देते. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही हे करता येतं, आणि मूल कायद्याने दत्तक द्यायला मोकळं असेल तर दोन वर्षांनी तेच दत्तक घेण्याचा अर्ज करता येतो. पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे. अशी घरं आपल्याकडे फारच थोडी आहेत.

आणि हो, आईंशी आधी बोल. होम स्टडीला येणारे समाजसेवक घरातल्या सगळ्यांना विचारतात. "मला कोणी सांगितलंच नाही" असं तिथे निघालं की अहवाल अडकतो.

तुझा,
विनय