तक्रार: आठ पदरी म्हणून विकलेल्या चार पदरी ब्रेडेड लाइनबाबत

दिनांक : २७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ३०० मीटर ब्रेडेड लाइन आठ महिन्यांत तुटल्याबाबत व पैसे परत मिळण्याबाबत
संदर्भ : बदली नाकारणारा आपला १४ ऑक्टोबरचा ईमेल

महोदय,

‘आठ पदरी, ५ वर्षं टिकणार’ असं ठळक छापलेली आपली हिरवी ब्रेडेड लाइन, म्हणजे मासे गरवायचा विणलेला दोरा, मी ८ फेब्रुवारीला आपल्याच संकेतस्थळावरून २,१५० रुपयांना मागवली. ताकद ३० पौंड, म्हणजे साधारण १३.६ किलो. ५ ऑक्टोबरला ती तुटली. ७ तारखेला तक्रार केली, त्यावर आपलं उत्तर आलं की फोटोत रंग उडालेला दिसतो, त्यावरून अतिवापर आणि निगा न राखणं स्पष्ट होतं, सबब बदली मिळणार नाही. दिवाळीची शिलाई अंगावर होती, म्हणून उत्तराला आजचा दिवस उजाडला.

शिलाई म्हटलं, कारण मी शिंपी आहे. रेवदंड्यात २६ वर्षं दुकान आहे. आठवडाभर हातात दोरा आणि रविवारी सकाळी पुन्हा दोराच, फक्त टोकाला सुईऐवजी गरी. त्यामुळे दोऱ्याची निगा राखली नाही हे वाक्य मला जरा जास्तच लागलं, हे कबूल करतो.

आधी घडलं ते सांगतो. कोजागिरी तोंडावर होती, उधाणाचं पाणी होतं. सकाळी भरती चढताना मी खाडीच्या तोंडाशी खडकावर उभा होतो, समोर कोर्लईचा किल्ला. जिवंत कोळंबीवर जिताडा लागला, चारेक किलोचा तरी असेल. एकदा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकलं तेव्हा पुरता दिसला. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढू लागला की रिळाने दोरा सोडावा तो ताण, मी वजनकाट्यावर तीन किलोला लावलेला असतो, ३० पौंडी दोऱ्याला तो अजिबात जास्त नाही. मासा दुसऱ्यांदा पळाला आणि मधूनच दोरा गेला. गाठीवर नाही, लीडरवर (गरीपाशी जोडलेल्या वेगळ्या तुकड्यावर) नाही, खडकाला घासूनही नाही. वीस मीटरहून जास्त दोरा तोंडाला लोंबकळत घेऊन तो गेला. मासा गेल्याचं दुःख चार दिवसांचं. पण हा दोरा पॉलिथिलिनचा, तो कुजत नाही. खाडीत कशाकशाला गुंडाळला जाईल देव जाणे.

आमच्याकडच्या खडकांवर कालवं असतात. ब्लेडसारखी धार. ब्रेड ताणाला कितीही चिवट असला तरी घासणीला नायलॉनच्या तंगुसापेक्षा नाजूक, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणून मी पुढे दीड मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर लावतो. तो तसाच्या तसा माशाबरोबर गेला. माझ्याकडे राहिलेलं टोक भिंगाखाली पाहिलं. घासलेल्या दोऱ्याला तुटल्या जागेच्या मागे बोटभर तरी लव उठते. इथे लव नव्हती.

आता निगा. दर वेळी घरी आल्यावर रीळ मोरीत धरून गोड्या पाण्याची बारीक धार सोडतो. ड्रॅग आवळून, आणि नळ पूर्ण न सोडता, कारण जोराच्या धारेने मीठ निघण्याऐवजी आत रिळाच्या यंत्रात जातं. मग सुती कापडाने टिपून सावलीत वाळवतो. ब्रेड पाणी पीत नाही, पाणी पिऊन नरम पडतं ते नायलॉनचं तंगूस. पण पदरांच्या फटींत खारं पाणी राहतं, वाळलं की मिठाचे कण होतात आणि ते आतून दोऱ्यालाही खातात आणि रॉडच्या कड्यांनाही. पुढचे दहा मीटर दर खेपेला नखातून ओढून पाहतो, खरखर लागली की तेवढा तुकडा कापतो. (कापडाच्या कात्रीने कधीच नाही. एकदा चिरंजीवांनी तो पराक्रम केला होता, कात्रीला धार लावायला थेट अलिबागला जावं लागलं.) वर्षाने दोरा उलटा भरतो, म्हणजे आतला कोरा भाग बाहेर येतो आणि त्याच पैशात आणखी दोन हंगाम निघतात. स्पूलवर (रिळाच्या ज्या भागावर दोरा गुंडाळतात त्यावर) आधी तंगुसाचे पंधरा वेढे देतो, नाहीतर गुळगुळीत ब्रेड आख्खाच्या आख्खा गरागरा फिरतो. भरताना ओल्या फडक्यातून ताण देऊन भरतो, म्हणजे मोठा मासा लागला की वरचा दोरा खालच्या वेढ्यांत रुतत नाही.

राहता राहिला रॉड. कड्यातल्या सिरॅमिकला बारीकशी चीर असली तरी ती ब्रेड कापते, म्हणून आपण तिकडे बोट दाखवायच्या आधीच सांगतो : साटिनच्या अस्तराची चिंधी प्रत्येक कड्यातून फिरवली. चीर असती तर धागा अडकून ओढला गेला असता. एकही अडकला नाही.

आणि रंग! महोदय, सुती कापड रंग पितं, पॉलिथिलिन पीत नाही. ब्रेडचा रंग वरच्या लेपात असतो, दोन-चार महिन्यांत पांढुरका पडायचाच. त्यावरून फार तर दोरा किती मीटरपर्यंत वापरात आला ते कळतं, ताकद कळत नाही. माझा जुना दोरा, दुसऱ्या कंपनीचा, २०२१ साली घेतलेला, आज ओळखू न येण्याइतका फिका आहे. त्याची ताकदही ३० पौंडच लिहिलेली होती.

दोन्ही दोरे मी ताणून पाहिले. गाठीने ताकद घटते म्हणून गाठ मारली नाही. दोन्ही टोकांना गुळगुळीत स्टीलच्या नळीवर दहा-दहा वेढे दिले, एक नळी मशीनच्या लोखंडी पायाला बांधली, दुसरी सामान तोलायच्या काट्याला. आपल्या दोऱ्याचा रिळाच्या तळाशी असलेला भाग घेतला. तो भाग कधी पाण्यात गेलाच नव्हता, अजून पाकिटातल्यासारखा गर्द हिरवा होता. पाच वेळा ताणला : ७, ६.५, ४, ७ आणि ५.५ किलो. माझा काटा प्रयोगशाळेतला नाही, अर्धा किलो इकडे-तिकडे धरा. पण मग त्याच काट्यावर चार वर्षं वापरलेला तो फिका दोरा ११, ११.५ आणि १०.५ ला तुटला, याचं काय? शिवाय आपल्या दोऱ्याचा आकडा एका जागी ७ आणि दुसऱ्या जागी ४. सारख्या न विणलेल्या दोऱ्याचंच हे लक्षण आहे. ड्रॅग तीनला लावलेला, माशाचा एक हिसका, आणि चारची जागा.

तेव्हा शंका आली आणि पदर उसवून पाहिले. बारीक सुईने, भिंग लावून, पांढऱ्या कागदावर. पदर निघाले चार. पुन्हा दुसरा तुकडा घेतला, चारच. बायकोला मोजायला बसवलं, तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, तिनेही चारच मोजले. चार पदरी दोरा वाईट असतो असं नाही, काही गरवणारे मुद्दाम तोच घेतात. पण तो खरबरीत असतो, कड्यांतून सळसळत जातो आणि स्वस्त मिळतो. मी किंमत आठ पदरीची मोजली आहे. पहिल्या दिवशी सळसळ ऐकूनच मला कळायला हवं होतं.

आपल्या पाकिटावर निगेबद्दल एक ओळ नाही. उत्पादनाचा महिना-वर्ष नाही, माल आयात केलेला असेल तर कुठल्या देशातला ते नाही. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे हे छापावं लागतं. तारीखच नसेल तर ‘५ वर्षं’ मोजायची कुठून? माझ्या दुकानात येणाऱ्या शिलाईच्या रिळांवर दोऱ्याचा नंबर असतो, नंबर चुकला तर व्यापारी निमूट परत घेतो. आपण मात्र मलाच बोल लावलात.

माझ्या मागण्या साध्या आहेत. २,१५० रुपये परत द्यावेत, बदली माल नको. या लॉटमध्ये पदर चार की आठ, हे लेखी कळवावं. आणि ‘५ वर्षं’ हा दावा एकतर सिद्ध करावा, नाहीतर पाकिटावरून काढावा.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करीन आणि नंतर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोन हजारांसाठी कोण जाईल, असं वाटत असेल तर सांगतो, दिवाळीनंतर आमच्या धंद्यात लग्नसराईपर्यंत थोडी फुरसत असते.

तपासणीसाठी दोऱ्याचे दोन तुकडे सोबत पाठवत आहे, एक पांढुरका, एक गर्द हिरवा. एकेका टोकाचे पदर उसवलेले आहेत. दुसरी टोकं आपण आपल्या हाताने उसवावीत. उरलेला दोरा रिळासकट माझ्याकडे आहे, तो आयोगाने मागितला तरच हातातून सोडीन.

आपला ग्राहक,
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड

सोबत : पावतीची प्रत, पाकिटाच्या चारही बाजूंचे फोटो, दोऱ्याचे दोन तुकडे