आबांचे पैसे परत करायचे आहेत

समस्त गावकरी, पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी, सासरी नांदणाऱ्या लेकी आणि आबांच्या शिट्टीवर पळालेली सगळी पोरं-पोरी, सर्वांना नमस्कार.

आपले सुभेदार आबा कार्तिकात गेले, हे एव्हाना सगळ्यांना कळलं आहे. वय ७७. आदल्या संध्याकाळी त्यांनी शाळवाला पाणी दिलं, आजींबरोबर ओट्यावर बसून चहा घेतला. पहाटे पाचला मैदानावर शिट्टी वाजली नाही, तेव्हा पोरं त्यांच्या घराकडे धावली.

तेराव्याला जे घडलं ते इथं सांगायला हवं, कारण हे आवाहन त्यातूनच निघालं आहे. जेवणं उरकली आणि एकेक जण आजींजवळ येऊन बसायला लागला. कुणी रुमालात बांधून पाचशे आणले होते, कुणी पाकिटात चार हजार. "आबांकडनं घेतलं होतं, पोरीच्या फीला." "बोअर फेल गेली त्या साली." वडूजहून आलेला एक रिक्षावाला तर आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचा नव्हता. आजी म्हणाल्या, "मला ह्यातलं कायबी ठावं न्हाय. त्यांनी कदी लिवून ठेवलं न्हाय. किती नेलं, किती दिलं, तुमचं तुमाला म्हाईत." त्या पैसे घेईनात आणि लोक उचलेनात. शेवटी कुणीतरी पिठाचा रिकामा डबा आणून मधोमध ठेवला. रात्री मोजले तेव्हा ४१,३५० रुपये भरले. त्यात पाचशेची एक जुनी नोटही निघाली, २०१६ साली बंद झालेली. कुणी टाकली ते कळलं नाही. ती हिशेबात धरलेली नाही, पण डब्यातच ठेवली आहे.

आबा कोण होते, हे गावाला सांगायची गरज नाही. पण हे आवाहन बाहेरही जाईल आणि आपल्या नातवंडांनीही वाचावं, म्हणून थोडं लिहितो.

खटाव तालुक्यातलं आपलं गाव. पाऊस मनात आला तर पडतो. त्यामुळे घरटी एक माणूस पलटणीत, हा इथला जुना रिवाज. आबा १९६६ साली, अठराव्या वर्षी, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात दाखल झाले. पुढं पहिल्या बटालियनमध्ये गेले. ही १७६८ साली उभी राहिलेली पलटण, फौजेत तिला 'जंगी पलटण' म्हणतात. २६ वर्षं नोकरी करून ते सुभेदार म्हणून पेन्शनवर आले.

१९७१ च्या डिसेंबरात ही पलटण पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जमालपूरला होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून तिनं शहराच्या दक्षिणेचा रस्ता अडवला होता. आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी 'शरण या' अशी चिठ्ठी आत धाडली आणि तिथल्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हा किस्सा बऱ्याच ठिकाणी छापून आला आहे. १० तारखेच्या रात्री ३१ बलूच पलटण वेढा फोडून निघाली आणि थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. त्या रात्रीबद्दल आबांना शाळेतल्या कार्यक्रमात दरवर्षी विचारलं जायचं. ते म्हणायचे, "लई अंधार होता, लई थंडी होती," आणि पुढच्या मुद्द्याकडं वळायचे.

पुढचा मुद्दा चुरमुऱ्यांचा. नदी ओलांडल्यावर एका वस्तीतल्या म्हातारीनं सगळ्या सेक्शनला ओंजळ-ओंजळ चुरमुरे आणि गुळाचा खडा दिला. "तिथंबी आपल्यासारखंच चुरमुरे, बरं का. पण गूळ उसाचा न्हवं, खजुरीचा." एवढं सांगून ते थांबायचे. म्हातारीला द्यायला त्यांच्याकडं काही नव्हतं, आणि नंतर त्या वाटेनं परत जाणंही झालं नाही. हे ऐकून मुलं हसायची. त्यांना तोफा हव्या असायच्या. मीही हसलो आहे.

दुसरा त्यांचा आवडता किस्सा टांगाईलजवळच्या पुंगली पुलाचा. तिथं हवाई छत्रीनं उतरलेली २ पॅरा आणि जमिनीवरून आलेली जंगी पलटण यांची गाठ पडली. २ पॅरा हीसुद्धा मूळची मराठ्यांचीच पलटण. अंधारात समोरून कुणीतरी दबक्या आवाजात शिवी हासडली आणि आबांना कळलं की माणूस घरचा आहे. "गाव कंचं रं?" "औंध." लढाईत माणूस आभाळातनं पडतो आणि तो नेमका शेजारच्या गावचा निघतो, याचं त्यांना म्हातारपणापर्यंत नवल वाटायचं.

लढाई संपली आणि गावाकडं काय वाढून ठेवलं होतं? १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, रेशनवरची लाल मिलो ज्वारी. त्या साली विहिरीच्या कामावर आबांचा भाऊ गेला. मागं तीन लेकरं, थोरली सहा वर्षांची. आबांचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या तिघांना आणि पुढं स्वतःच्या चौघांना त्यांनी एकाच ताटातलं वाढलं. दरवर्षीची दोन महिन्यांची सुट्टी ते पेरणीला धरून घ्यायचे. काळी ट्रंक आणि होल्डॉल घेऊन एसटीतून उतरले की घरी जायच्या आधी शाळेत जायचे, सातही जणांची हजेरी विचारायला. पुतणीच्या दोन वेण्या ते स्वतः घालायचे, त्याही परेडला शोभतील इतक्या घट्ट. ती आज स्वतः आजी झाली आहे, पण डोकं दुखलं की अजून आबांनाच बोल लावते.

आजींना त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही, हे आपल्या गावात त्या काळी चेष्टेचा विषय होतं. पेन्शनवर आल्यावर पहाटेचा चहा तेच करायचे. "तिनं वीस वर्सं एकटीनं केला, आता माझी ड्युटी." चहा पांचट व्हायचा. आजींनी तो तीस-पस्तीस वर्षं निमूटपणे प्यायला.

आबांचं सगळंच गोड होतं असं लिहिलं तर ते स्वतःच रागावतील. वेळेच्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही. ग्रामसभा दहाची म्हटली की दहाला एकटेच बसलेले असायचे, आणि आपण साडेअकराला गेलो की सगळ्यांसमोर पाणउतारा व्हायचा. फौजी कॅन्टीनच्या दारूच्या बाटलीचा कोटा त्यांनी उभ्या आयुष्यात ना स्वतः उचलला ना कुणाला मिळू दिला, आणि त्यावरून भावकीतली दोन घरं त्यांच्याशी बोलायची बंद झाली. भजनात सूर सोडून म्हणायचे, आणि तेही मोठ्यानं. घरपट्टीचं प्रकरण तर सरपंचांनाही सुटलं नाही. २०२० मध्ये सरकारनं माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली, तरी आबा मार्चमध्ये पैसे घेऊन ग्रामपंचायतीत हजर. "दिवाबत्ती कशावर चालायची मग?"

मैदानाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. पेन्शनवर आल्यावर त्यांनी आपलंच खळं साफ करून पोरांना फौजेच्या भरतीसाठी पळवायला सुरुवात केली. पुढं पोरं वाढली आणि गायरानाच्या कडेनं पळणं सुरू झालं. १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत आलं पाहिजे, बीमवर दहा पुलअप आले पाहिजेत, नऊ फुटांचा खड्डा ओलांडता आला पाहिजे. पोरगा पहिल्या दिवशी ओकला तर आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे, दुसऱ्या दिवशी आला नाही तर घरी जाऊन उठवायचे.

मुलींची भरती सुरू झाली तेव्हा आई-बाप पहाटे पोरी पाठवायला तयार होईनात. आबांनी आजींना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आजी अंगावर गोधडी घेऊन बांधावर बसायला लागल्या. आजी बसल्यात म्हटल्यावर कुणाला 'नाही' म्हणता येईना. पोलीस भरतीच्या ८०० मीटरचा आणि गोळाफेकीचा सराव करून आपल्या गावच्या पोरी आज खाकीत आहेत, त्यामागं त्या बांधावरच्या गोधडीचाही वाटा आहे.

मी स्वतः उंचीत दोन सेंटिमीटर कमी पडलो. भरतीवरून परत आलो त्या रात्री आबा घरी आले, अर्धा तास नुसते बसले आणि जाताना म्हणाले, "अक्षर बरं हाय तुझं. उद्यापास्नं माझ्यासंगं कागदं करायला बस." म्हणून आज ग्रामस्थ आणि माजी सैनिकांच्या मंडळाचा चिटणीस मी आहे.

कागदांचं काम कमी लोकांना माहीत आहे. माजी सैनिक वारला की त्याच्या बायकोची कुटुंब पेन्शन सुरू व्हायला हवी. आणि तिथं अडतं. रेकॉर्डला 'हौसाबाई' आणि आधारला 'हौसा'. डिस्चार्ज बुकात जन्मतारीख एक, रेशनकार्डावर दुसरी. एखादीचं नाव नवऱ्यानं रेकॉर्डला लावलेलंच नसतं. मग प्रतिज्ञापत्र, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खेपा. आता सगळं 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आलं आहे, आणि नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बाईच्या अंगठ्याला ठसाच उरत नाही, यंत्र तिला ओळखत नाही. आबा अशा बायकांना स्वतःच्या खर्चानं साताऱ्याला नेत, भेळ खाऊ घालून परत आणत. एका मावशींची कुटुंब पेन्शन नऊ वर्षांनी सुरू झाली. फरकाची रक्कम घेऊन त्या पेढे द्यायला आल्या, तर आबांनी एकच पेढा घेतला आणि बाकीचे मैदानावर वाटायला लावले.

आता काय करायचं आहे ते सांगतो.

पहिली सूचना अर्थातच पुतळ्याची आली. दुसरी स्वागत कमानीची. बैठकीत दोन तास वाद झाला, शेवटी आजींना विचारलं. "पुतळा रोज पुसायचा कुणी? म्याच ना?" विषय संपला.

ठरलं ते असं. गायरानाच्या कडेची जागा ग्रामपंचायतीनं सरावासाठी ठराव करून दिली आहे. ती सपाट करून, मुरूम टाकून २०० मीटरचा गोल आखायचा आहे, दोन बीम, लांब उडीचा खड्डा आणि चार दिवे लावायचे आहेत. खर्च २,१०,००० रुपये. समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर २४ जणांची अभ्यासिका करायची: पत्रे बदलणं, वायरिंग, टेबल-खुर्च्या, पुस्तकं, आणि लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर. खर्च ५,४०,०००. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह, १,६०,०००. यावर कुणी काटछाट सुचवू नये, कारण ते नसेल तर मुली येणार नाहीत हे आम्हाला अनुभवानं कळलं आहे. आणि खाली एका खोलीत कागदपत्रांसाठी संगणक, प्रिंटर, ठसा घेण्याचं यंत्र, ७०,०००. तिथं दर शनिवारी आपल्याच गावचे निवृत्त हवालदार क्लार्क विनामोबदला बसणार आहेत. शेजारच्या गावांतल्या वीरपत्नी आणि माजी सैनिकांच्या विधवांनाही हे काम मोफत करून मिळेल.

एकूण ९,८०,०००. हातात आहेत २,२९,८५०. त्यात आजींच्या डब्यातले ४१,३५०, गावातल्या माजी सैनिकांनी आपापल्या पेन्शनीतून काढलेले १,२६,००० आणि गणेशोत्सवाच्या शिल्लकीतले ६२,५००. म्हणजे अजून ७,५०,१५० रुपये उभे करायचे आहेत.

काही गोष्टी आधीच स्पष्ट सांगतो. देणगीवर आयकरात सूट मिळण्याची नोंदणी मंडळाकडं अजून नाही, त्या हिशेबानं कुणी देऊ नये. पावतीशिवाय एक रुपयाही कुणाच्या हातात देऊ नका, मागणारा मंडळाचा पदाधिकारी असला तरी. जमाखर्च दर महिन्याच्या पाच तारखेला चावडीच्या फळ्यावर लागेल. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावणार नाही. यावर दोघा-तिघांची नाराजी आहे, ती आम्ही ऐकून घेतली आहे. पण ज्यानं दिलेलं लिहून ठेवलं नाही, त्याच्या नावानं चाललेल्या कामात आकड्यांची पाटी आम्हाला बरी वाटली नाही.

आबांकडून कधी काही घेतलं असेल आणि किती ते आठवत नसेल, तर जमेल तेवढं द्या. काहीच घेतलं नसेल तरीही द्या. पैसे नसतील तर दोन पोती सिमेंट, एक दिवसाचा ट्रॅक्टर, एक दिवसाची मजुरी, स्पर्धा परीक्षांची अलीकडची पुस्तकं (दहा वर्षांपूर्वीची चालू घडामोडींची नकोत, मागच्या वेळी दोन गोण्या आल्या होत्या). कुणी सुतार, इलेक्ट्रिशियन असेल तर नुसता निरोप द्या. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी यात्रेला येताना सोबत आणलं तरी चालेल, पण मैदानाचं काम त्याआधी सुरू करायचं आहे, म्हणून शक्य तो लवकर. बँक खात्याचा तपशील चावडीवर आणि समाजमंदिराच्या दारावर लावला आहे. फोनवर कुणी खातेक्रमांक पाठवला तर खात्री केल्याशिवाय पैसे टाकू नका.

१६ डिसेंबरला, विजय दिवशी, पहाटे पाचला नव्या मैदानावर पहिली शिट्टी वाजवायची आहे. ती आजी वाजवणार आहेत. सराव चालू आहे, अजून नीट वाजत नाही. नारळ फोडायचा कार्यक्रम नाही, भाषणं नाहीत. शेवटी सगळ्यांना चुरमुरे आणि गूळ. गूळ मात्र उसाचाच मिळेल.

वेळेवर या.

आपले,
ग्रामस्थ आणि माजी सैनिकांच्या वतीनं,
चिटणीस